रिठ्याचा फेस

हजामतीच्या ब्रशनं माणूस दाढीशिवाय दुसरं काय करणार? आमच्या शेजारच्या कवडू लांजेवारांच्या घरी मात्र हा ब्रश न्हाणीघरात नसतो, समोरच्या पडवीत एका वाडग्यात असतो. खुद्द त्यांची दाढी आठवडा आठवडा वाढलेली असते. वाडग्यात रिठ्याचं पाणी. ब्रश त्यात घुसळला की घट्ट पांढरा फेस येतो. तो फेस कवडूभाऊ एका स्टीलच्या टाकीच्या तोंडाला लावतात, न्हाव्यानं नवरदेवाच्या गालाला लावावा तसा मन लावून, आणि मग मागे सरकून नुसते बघत बसतात.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस कामातून गेला. मी आमच्या कुंपणावरूनच विचारलं, "कवडूभाऊ, हे काय करून राहिलात?"

"गळती पाहून राहिलो, बाई."

"कशाची?"

"सोड्याच्या गॅसची. दिसत नाही, वास येत नाही. फेसात फुगा आला का समजाचं, इथून चालली."

हे मानेवाड्याकडचं आमचं लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसलेली वस्ती. मी चारुशीला देशकर. विमा कंपनीत खुर्ची झिजवली, आता निवृत्त. मुलं बाहेर, नवरा देवाघरी, आणि तोंड पूर्वीइतकंच चालू. आमच्या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतं ते मला माहीत नसेल तर शिजलंच नाही असं समजा. असं असूनही कवडूभाऊंच्या पडवीत तरुण पोरं मोटरसायकलवर टाक्या बांधून का येतात, ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या इंदुताईंनी तर घरोघर सांगून ठेवलं होतं की लांजेवार दारू गाळतात. वर्गणी मागायला जाणारे लोक त्यांचं घर टाळून पुढे जायला लागले होते. मी इंदुताईंना हाताला धरून पडवीत नेलं, कवडूभाऊंना टाकीतलं पेलाभर ओतायला लावलं आणि म्हटलं, घ्या, प्या. आल्याचं पाणी निघालं. झणझणीत, बुडबुड्यांचं, नाकात जाणारं. इंदुताईंना ठसका लागला आणि गल्लीतली चर्चा तिथेच मिटली.

तर हल्ली हौशी लोक घरीच अशी पेयं करतात. आलं किसून साखरेच्या पाण्यात आंबवायचं, लिंबू पिळायचं, किंवा आपल्याकडच्या संत्र्याचा रस घ्यायचा, गाळायचा आणि कमरेइतक्या उंच स्टीलच्या टाकीत भरायचा. टाकीच्या डोक्यावर दोन तोंडं. एकातून गॅस आत जातो, दुसऱ्यातून पेय बाहेर येतं. रस करणं सोपं. अवघड आहे ते गॅस आत टिकवणं. रबराचं वायसर केसाएवढं चिरलं, तोंडावर कचरा बसला, की दोन-तीन दिवसांत सगळा गॅस निघून जातो आणि उरतं ते सपक सरबत. म्हणून ही मंडळी भरलेली टाकी कवडूभाऊंकडे आणतात. ते ती आपल्या जुन्या फ्रिजमध्ये थंड ठेवतात, रोज थोडा थोडा गॅस देतात, फेस लावून तपासतात, काट्यावर दाब बघतात, रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा बघतात, आणि मगच "घेऊन जा" म्हणतात.

हे त्यांना आलं कुठून? जन्म नरखेड तालुक्यातला. बाप दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बगिच्यात विहिरीवरची मोटार सांभाळायचा. कवडूभाऊ शाळेत जेमतेम रमले, पाइपांत जास्त. बुटीबोरीत थंड पेयांचा एक कारखाना निघाला तेव्हा तिथे लागले, आणि त्यांना बसवलं ते टाक्या तपासण्याच्या कामावर. हॉटेलांतून परत आलेल्या टाक्या धुवायच्या, हवा भरायची, साबणाचं पाणी लावून बघायचं. सगळं आयुष्य त्यांनी बुडबुड्याची वाट बघण्यात घालवलं, आणि तो येऊ नये अशी इच्छा करत. कारखान्यात साबण होता. घरी आल्यावर त्यांनी रिठा धरला, कारण साबणाचा वास तोंडाशी राहतो म्हणे, आणि पिणाऱ्याला पहिल्या घोटाला न्हाणीघराची आठवण येते. कारखान्यानं पुढे स्टीलच्या टाक्या बंद करून प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या. त्या टाक्या भंगारात निघाल्या तशा कवडूभाऊंनी उचलून आणल्या; त्यातल्याच आता ही पोरं वापरायला नेतात. बायको शामला म्हणाली, "लोकं रिटायर होऊन घड्याळ घेऊन येते, हे टाक्या घेऊन आले."

शामलाबद्दल सांगायलाच हवं, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही. ठेंगणी, हसरी, आणि देवाधर्माला पक्की. वार धरते, नवस बोलते, फेडते. तिला मी चिडवते, "शामला, तुझ्या देवांना सुट्टी कधी असते गं?" ती म्हणते, "ताई, तुमी काही मागत नाही म्हणून तुमच्यासाठीबी मीच मागून घेतो." या बाईवर रागावणं कठीण आहे. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

दोन वर्षांमागे कवडूभाऊंना अर्धांगाचा झटका आला. अंगणात सिलिंडर उचलताना डावी बाजू सुटली. धंतोलीच्या एका दवाखान्यात नेलं. वाचले, चालायला लागले, बोलणंही जवळजवळ पहिल्यासारखं झालं. डाव्या हाताची बोटं मात्र बधिर राहिली. गरम पेला धरला तरी कळत नाही. मुलगा बंटी बुटीबोरीतच एका कापडाच्या कारखान्यात आहे, तिकडेच खोली घेऊन राहतो. बापाला दवाखान्यातून घरी आणताना तो घाबरून गेला होता आणि घाबरला की तो ओरडतो. म्हणाला, "आता ह्या टाक्या-फाक्या बंद. आराम करा."  घरी आल्यावर कवडूभाऊ जेवेनात. कुणाशी बोलेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी भेटायला गेले तर मला म्हणाले, "बाई, मी आता कोणत्या कामाचा?" एवढंच. मला त्यांचं ते विचारणं अजून आठवतं. मी तोंडाळ बाई, पण आणलेला डबा उशाशी ठेवून परत आले.

शेवटी शामलानंच तडजोड काढली. कवडूभाऊंनी काम करावं. पण बंटीनं अट घातली: ज्या दिवशी एक जरी टाकी गळते म्हणून परत आली, त्या दिवशी समजायचं की हात आता काम करत नाही, आणि सगळं भंगारात. कवडूभाऊंनी आईबापाची शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी माणूस उठून बसला, वाडगं धुतलं आणि रिठे भिजत घातले.

आणि खरंच सांगते, त्यानंतर त्यांच्या हातून एकही टाकी परत आली नाही. बोटांना कळत नाही म्हणून ते डोळ्यांनी दुप्पट बघायचे. टाकीला हात लागला की फेस, मग तो नुसता कपड्यानं पुसायला लागलेला का असेना. तपासणी झाली की दोन्ही तोंडांवर रबराची काळी टोपणं घालायचे. पोरांना बजावून सांगायचे, "गळत असन तं पहिले सांगा बापा. लपवाल तं गॅस जाईन, अन् शोधाले वेळबी जाईन."

त्यांच्याकडे येणाऱ्यांत विक्रम नावाचा मुलगा होता. कॉम्प्युटरवर घरूनच काम करतो, आणि उरलेल्या वेळात आलं आंबवतो. त्याची बायको अदिती गरोदर राहिली आणि तिला अन्नाचा वास सहन होईना. विक्रमचं ते आल्याचं पाणी तेवढं पोटात टिकायचं. तेव्हा तिच्या डोहाळजेवणाला पाहुण्यांनाही तेच पाजायचं असं दोघांनी ठरवलं. डोहाळजेवण दसऱ्यानंतरच्या रविवारी. विक्रमनं टाकी आठवडाभर आधी आणून दिली. अदितीही आली होती सोबत, शामलानं तिची ओटी भरली आणि कवडूभाऊंनी तिला सांगितलं, "पोरी, तुह्या कार्यक्रमात असा बुडबुडा येईन का पाहुण्यायच्या नाकात जाईन."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी टाकी तपासून तयार झाली. टोपणं घातली.

दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. माझ्याकडे एक जुनी कात्री आणि कुकर एवढीच हत्यारं आहेत, मी त्यांनाही कुंकू लावते. लांजेवारांकडे सकाळी पडवी सारवलेली, नट खोलायचे पाने, ब्रश, दाबाचा काटा, सिलिंडर, सगळं पाटावर मांडलेलं, आणि फ्रिजमधून काढलेली विक्रमची टाकी मधोमध. पूजा शामला करते. तिच्या माहेरी, नरखेडकडेच, धान्याच्या कोठीची पूजा करायची ती कोठीचं तोंड उघडं ठेवून. बंद तोंडाच्या भांड्यात लक्ष्मी शिरणार कुठून? तिच्या आजीनं तिला तसं शिकवलं, आणि ती प्रत्येक भांड्याला तसंच करते. डबे, घागर, सगळ्यांची झाकणं काढून. कवडूभाऊ आंघोळीला गेले होते. शामलानं टाकीचं टोपण काढलं, तोंडाला हळदकुंकू लावलं, वरून चिमूटभर अक्षता टाकल्या, नमस्कार केला, कपड्यानं पुसलं आणि टोपण जिथल्या तिथे बसवून टाकलं. मी तेव्हा तिथे होते, सोनं द्यायला गेले होते. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिच्यातला भाव तेवढा दिसला.

संध्याकाळी विक्रम टाकी न्यायला आला. पडवीत आपट्याची पानं घेऊन आलेल्यांची गर्दी. कवडूभाऊंनी शेवटचा गॅस दिला. नळीची चावी, म्हणजे तिच्या टोकाचा जोड, गॅसच्या तोंडावर दाबून बसवली, काटा बघितला, नळी काढली. एवढ्यात विक्रम पाया पडायला वाकला, मागून कुणी तरी "दसऱ्याच्या शुभेच्छा, काका" म्हणालं, शामलानं चकल्यांचं ताट पुढे केलं. कवडूभाऊंनी टोपण लावलं आणि टाकी विक्रमच्या हवाली केली. वाडग्यातला ब्रश कोरडाच राहिला.

सोमवारी सकाळी विक्रम टाकी घेऊन परत आला.

मी तिथेच होते; माझ्या कुकरची शिटी बिघडली होती, ती दाखवायला गेले होते. शामला बाजारात गेली होती. विक्रम गुणी पोरगा. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "काका, तसं काही नाही, पण... नळ उघडला तर थेंब थेंब आलं. गॅस नव्हताच. पाहुण्यांनी सरबत म्हणून प्यायलं, कुणी काही बोललं नाही. अदिती म्हणाली, काकांना सांगूच नको. पण मी म्हटलं, तुम्हीच म्हणता ना, गळत असेल तर पहिले सांगा."

"बरं केलं सांगतलं," कवडूभाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

विक्रम टाकी ठेवून गेला. कवडूभाऊंनी ती मांडीशी ओढली, टोपण काढलं, पाना लावून गॅसचं तोंड उघडलं. आत एक लहानशी स्प्रिंग असते, तिच्या टोकाला रबराची बटनाएवढी टिकली. त्या टिकलीला काहीतरी चिकटलं होतं. त्यांनी ते उजव्या बोटानं काढून तळहातावर घेतलं. तांदळाचा तुकडा होता. कुंकवानं लाल झालेला.

मी पाहिलं. त्यांनी मला पाहताना पाहिलं. दोघांनाही एकाच वेळी सगळं समजलं: टोपण कुणी काढलं, दाणा कुठून आला, आणि संध्याकाळी नळीच्या चावीनं तो आत कसा ढकलला गेला. त्यांनी मूठ मिटली.

"बाई, हे शामलेले सांगाचं नाही."

"का नाही? तुमचा हात ठीक आहे, कवडूभाऊ! यात तुमची चूकच नाही."

"आहे न. गॅस देल्यावर मी फेस लावला नाही. लावला असता तं तेव्हाच फुगा दिसला असता." त्यांनी फाटकाकडे पाहिलं, शामला येते का ते. "तिले वाटते का तिच्या पूजेनं मी वाचलो. दवाखान्यात बाहेर बसून जप करे. आता तिले सांगू, का तुह्या पूजेच्या दाण्यानं माहं काम गेलं? शामला देवापुढं बसणं सोडून देईन. मले ते पाहवणार नाही."

मला राग आला. माणसं अशी एकमेकांच्या भल्यासाठी गप्प बसतात ना, तेव्हा मला नेहमीच राग येतो. मी बोलणार होते, पण त्यांनी तो तुकडा तुळशीत टाकला आणि माझ्यापुढे हात जोडले. त्यात तो डावाही होता, बोटं नीट न जुळलेला. मी शब्द दिला.

शामला घरी आल्यावर त्यांनी तिला एवढंच सांगितलं की टाकी गळली, हातानं दगा दिला. बंटीलाही तसाच फोन केला. शपथ ती शपथ. बंटी म्हणाला, रविवारी टेम्पो घेऊन येतो.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि इथे तर तांदूळ होता. शामला रोज कुंपणाशी यायची. "ताई, हे पुन्हा भिताडाकडे तोंड करून झोपून राहिले वं. जेवत नाही. तुमी समजवा न." मी "हो" म्हणायचे आणि घरात येऊन भांडी आपटायचे. बुधवारी तिनं उपास धरला. शुक्रवारी दुसरा. त्यांचा हात बरा व्हावा म्हणून. मला रडू आलं तेव्हा.

रविवारी दुपारी टेम्पो आला. बंटी एकेक टाकी उचलून ठेवायला लागला. कवडूभाऊ पडवीच्या पायरीवर बसले होते, वाडगं मांडीवर. ते वाडगं द्यायचं की ठेवायचं, हे त्यांचं ठरत नसावं. मी माझ्या फाटकात उभी होते. शामला आतून ताट घेऊन आली. हळदकुंकू, अक्षता, निरांजन. घरातली वस्तू बाहेर जाते तर तिला नमस्कार करून पाठवायचं, हेही तिच्या माहेरचंच. ती शेवटच्या टाकीशी वाकली. विक्रमचीच टाकी ती; त्यानं परत नेली नव्हती. शामलानं डावा हात पुढे केला आणि गॅसच्या तोंडावरचं टोपण काढलं.

"शामला, ते उघडू नकोस!" मी ओरडले.

ती दचकली. "काहून, ताई?"

मी जीभ चावली. शब्द दिलेला होता. कवडूभाऊंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण शामला काही खुळी नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, मग हातातल्या टोपणाकडे. मग चिमटीतल्या अक्षतांकडे. ती हळूच टाकीशेजारी जमिनीवर बसली.

"दाना होता काय अंदर?" तिनं विचारलं.

"नाही," कवडूभाऊ म्हणाले.

"माह्याकडे पाहून सांगा."

कवडूभाऊंनी पाहिलं. "अर्धा होता."

"अर्धा? माह्या अक्षतायत तुटका दाना नसते! मी निवडून घेतो एकेक!"

"चावीनं तुटला असन वं."

एवढं ऐकून तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मला वाटलं, झालं, कवडूभाऊ म्हणत होते तेच झालं. पण शामला उठली आणि नवऱ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मले सांगतलं काहून नाही?"

"तुले वाईट वाटलं असतं."

"अन् आता गोड वाटून राहिलं काय? तुमी आठ दिवस उपाशी, मी उपाशी. मी देवाले मांगून राहिली का ह्यायचा हात सुधार, अन् हाताले तं काही झालंच नाही! देवबी म्हणत असन, हे बाई काय मांगून राहिली!" मला तेवढ्यातही हसू आलं, मी पदर तोंडाला लावला. "लोकायच्या पोरायले सांगता, गळत असन तं पहिले सांगा. अन् घरात सोता टोपण लावून बसले. मी काय काचेची आहो? मले बोलले असते, तं मी रडली असती, अन् मंग चहा केला असता."

 कवडूभाऊ वाडग्यात बघत राहिले. पण त्यांचा चेहरा आता सोमवारसारखा नव्हता. ओझं उतरल्यावर माणूस आधी दमलेला दिसतो, तसे ते दिसत होते.

बंटी टाकी हातात घेऊन तसाच उभा होता. "म्हणजे बाबा, तुमची चूक नव्हती?"

"होती गा. शेवटचा फेस लावला नाही मी."

"अन् माहीबी होती," शामला म्हणाली. "एक टाकी परत आली तं काम बंद, असं बोलला होतास न तू? मंग माही पूजाबी बंद. दोघायलेबी भरून ने टेम्पोत."

"आई, मले टाकीचं काही नाही," बंटी म्हणाला, आणि मी पहिल्यांदाच त्याला हळू बोलताना ऐकलं. "मी बुटीबोरीत राहतो. रात्री फोन वाजला का माहा जीव जाते. हे पुन्हा सिलिंडर उचलतील अन् पुन्हा पडतील, असं वाटते. मले भीती वाटते, दुसरं काही नाही."

हे त्या पोरानं इतके दिवस सांगितलं नव्हतं. त्या घरात सगळेच एकमेकांपासून काही ना काही झाकून बसले होते, आणि शेजारी मी, सगळं माहीत असलेली, एका शब्दाला बांधलेली. मी फाटक उघडून आत गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मला आजवर कुठे कुणी बोलावलं आहे?

"बंटी," मी म्हटलं, "सिलिंडर तू उचल. रविवारी येतोस तेव्हा बदलून जात जा. त्यांनी फक्त बघायचं काम करायचं."

बंटीनं बापाकडे पाहिलं. कवडूभाऊंनी मान हलवली. "सिलिंडरले हात नाही लावत. तुही शपथ."

"पुन्हा शपथ?" शामला म्हणाली. "शपथा बंद करा आता तुमी."

बंटीनं हातातली टाकी खाली ठेवली. मग टेम्पोवाल्याला काहीतरी सांगितलं, आणि टाक्या एकेक करून परत उतरायला लागल्या. टेम्पोवाला पुटपुटत होता. मी त्याला चहा दिला, त्याचं तोंड बंद झालं.

शामलानं आतून रिठे आणले, पाणी आणलं. कवडूभाऊंनी विक्रमची टाकी समोर घेतली. ब्रश घुसळला. वाळलेल्या वाडग्यात पुन्हा फेस चढला. शामला ताट घेऊन खांबाशी उभी होती, मागे मागे, जणू त्या टाकीशी तिचा काही संबंध नाही. ताट तिनं पदराखाली धरलं होतं. तिच्यासारख्या बाईला देवाचं ताट लपवताना पाहणं मला फार जड गेलं.

कवडूभाऊंनी ब्रश टाकीच्या तोंडाजवळ नेला आणि थांबले. ब्रश परत वाडग्यात ठेवला.

"ये वं," ते म्हणाले.

"नाही, राहू द्या."

"ये म्हणलं न. आधी तू, मंग मी. तुही पूजा झाल्यावर मी धुईन, गॅस देईन, फेस लावीन. हे पहिल्यापासूनच असं पाह्यजे होतं. माह्याच ध्यानात आलं नाही."

ती पुढे आली. वाकली, कुंकू लावलं, आणि टोपण न काढता अक्षता टाकायला लागली. कवडूभाऊंनी तिचा हात धरला. त्या बधिर डाव्या हातानंच.

"टोपण काढ. तुह्या घरी तोंड उघडं ठेवून करते न?"

शामलानं टोपण काढलं. ताटातून एकच दाणा निवडला, अख्खा, उजेडात धरून पाहिला, आणि टाकीच्या तोंडाशी ठेवला. नमस्कार केला. मग कवडूभाऊंनी पाना लावून तोंड खोललं, सगळं धुतलं, तो दाणा काढून तिच्या ताटात परत दिला, तोंड घट्ट बसवलं. बंटीनं सिलिंडर जवळ आणून दिला. गॅस दिला, नळी काढली, आणि फेस लावला.

ते नेहमीसारखे मागे सरकून बघायला लागले. मग त्यांनी शेजारची जागा हातानं झाडली.

"बस. तूबी पाह्य," ते शामलाला म्हणाले. "माह्या एकट्याच्या डोळ्यावर नाही ठेवाचं आता."

शामला आत गेली, चष्मा घेऊन आली, आणि त्यांच्याशेजारी बसून फेसाकडे बघायला लागली.